समुद्रातली पाइपलाइन गाडायची का तळावर तशीच सोडायची?

चोपडेकर: सहा वर्षं मुंबई हायकडे ले-बार्जवर, म्हणजे समुद्रात पाइप टाकणाऱ्या जहाजावर, वेल्डिंग तपासायला होतो. १२ मीटरचा एकेक पाइप जोडायचा, जोडाचा एक्स-रे, वर कोटिंग, मग बार्ज १२ मीटर पुढे सरकणार आणि मागे स्टिंगरवरून, म्हणजे बार्जच्या शेपटाला लावलेल्या उतरत्या सांगाड्यावरून, पाइप वाकत वाकत तळाला. एवढं जपून टाकलेलं उघडं का सोडता? एखाद्या जहाजाचा नांगर फरफटत आला का संपलं. चारी खणून गाडाच.

रावेरचा केळीवाला: वरून काँक्रीटचं जाकीट असतं ना भो?

भुसावळकर डिझाइनवाला: ते मुख्यतः वजनासाठी भाऊ. ३६ इंची, १ इंच जाडीचा पाइप मीटरला साडेपाचशे किलोच्या आसपास, आणि पाणी बाजूला सारतो पावणेसातशे किलोच्या जवळपास. रिकामा असला तर तरंगणारच.
आता गाडायचं. गॅसची थंड लाइन खुशाल गाडा, पण विहिरीतून येणारं तेल गरम असतं. १ किलोमीटर पाइप ५० अंशांनी तापला तर अर्ध्या मीटरपेक्षा जास्त वाढू पाहतो. भुसावळच्या उन्हात रूळ वाकतात ते ऐकलंय ना, तेच. तळावर मोकळा असेल तर आडवा थोडा सरकून घेतो, गाडला तर बाजूला जागाच नाही, मग सरळ माती फोडून वर कमान काढतो. आणि तिथेच पाइप चेपला का दुरुस्तीला परत बार्ज, तीपण पावसाळा सोडून.

रावेरचा केळीवाला: हे पटलं. गेल्या जूनमध्ये तापीवरून शेतात ६ इंची पीव्हीसी टाकला, चारी बुजायची राहिली होती, गाळ जाऊ नये म्हणून दोन्ही तोंडांना कॅप लावलेली. रात्री पाऊस झाला, सकाळी बघतो तर अख्खी लाइन चारीतल्या पाण्यावर, दोन जोड उघडे. काळ्या मातीत पुन्हा उपसत बसलो.

चोपडेकर: तुझा पाइप रिकामा होता म्हणून भो, गरम नव्हता 😄 आणि डिझाइनवाल्या भाऊ, किनाऱ्याजवळ तर तुम्हीपण गाडताच. हजीऱ्याला, आपल्या तापीच्या मुखाशी, समुद्रातल्या बसीन क्षेत्राचा गॅस येतो ती लाइन काय उघडी किनाऱ्याला लागते का?

डिझाइनवाला: किनाऱ्याजवळ लाटा आणि होड्या, तिथं वादच नाही. मी खोल पाण्यातल्या गरम लाइनचं बोलतोय.

चोपडेकर: मग गाडून वरून दगड टाका, उचलणार कसा?

डिझाइनवाला: टाकतात ना, पण जिथं उचलायची भीती तेवढ्याच तुकड्यावर. अख्ख्या लाइनवर दगड टाकायचे पैसे कोण देतंय, तू?