बहिरेपण आणि अपंगत्व निवृत्तिवेतन: नकाराची कारणे आधी तपासा

तोफखान्यातून निवृत्त झालेल्या आपल्या वडिलांचे बहिरेपण लष्कराच्या वैद्यकीय मंडळाने ‘सेवेशी संबंध नाही’ असे ठरवून अपंगत्व निवृत्तिवेतन नाकारले असताना अपील करण्यात अर्थ आहे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते निश्चितच आहे. धरमवीर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये स्पष्ट केले की, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेमुळे झाला असे गृहीत धरावे आणि तसे नसल्याचे सिद्ध करण्याचा भार जवानावर नव्हे, तर लष्करावर असतो. म्हणून मंडळाच्या कार्यवाहीची प्रत, गरज पडल्यास माहितीच्या अधिकारात, मिळवून तीत कारणे लिहिली आहेत का ते पाहा. नुसता शेरा पुरेसा नसतो.

ऑडिओग्रामही (श्रवणचाचणीचा तक्ता) नीट वाचून घ्या. तोफांच्या आवाजाने झालेली हानी बहुधा 4000 हर्ट्झच्या आसपास खाचेसारखी दिसते, तर वयाने कमी होणारी श्रवणशक्ती उच्च कंप्रतेकडे उतरत जाते. उतारवयात दोन्ही मिसळतात, त्यामुळे सेवाकाळातील जुना तक्ता मिळाला तर तो फार मोलाचा.

अपंगत्व किती टक्के ठरवले आहे तेही तपासा, कारण निवृत्तिवेतनासाठी किमान 20 टक्के अपंगत्वाची अट सहसा तिथेच आडवी येते. कागदपत्रांसाठी आपल्या नागपूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारणा करावी. खात्यांतर्गत अपिले फेटाळली गेली, तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे दाद मागता येते.