किन्नौर-स्पिती ऑक्टोबरात, स्वतःच्या गाडीने: कुंझुम धरायचा की सोडायचा?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. शरदात हिमालयातला रस्ता गाडीने करायचा आहे. मार्ग ठरलाय तो असा: चंदीगड – शिमला – किन्नौर – स्पिती – कुंझुम (स्पितीहून मनालीकडे नेणारी खिंड) – मनाली – चंदीगड. पिवळी पडलेली झाडं बघणं हा मुख्य हेतू. गाडी १.२ पेट्रोल हॅचबॅक, टर्बो नाही, ग्राउंड क्लिअरन्स १६५ मिमी. माणसं चार: आम्ही दोघं, मुलगी ९ वर्षांची, आई ६४ (बीपीची गोळी चालू, बाकी ठणठणीत). नाशिक ते चंदीगडचं गणित झालंय, तिथून पुढे दहा दिवस हातात आहेत.

प्रश्न असे:
१) मुलीची शाळा बुडवून ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात जावं की दिवाळीच्या सुट्टीत? यंदा दिवाळी नोव्हेंबरात आहे.
२) मनालीकडून चढून किन्नौरकडून उतरलं तर? नकाशावर ती बाजू जवळची दिसते.
३) एवढ्या गाडीला कुंझुम जमेल का?
४) निघण्याआधी गाडीचं काय काय करून घ्यावं?

देवदार
पहिल्याचं उत्तर सोपं आहे, शाळा बुडवा. रंग वरून खाली उतरत येतो. स्पितीतले पॉप्लर आणि विलो सप्टेंबरअखेरीस पिवळे व्हायला लागतात, ताबो-काझाच्या पट्ट्यात ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत भरात असतात आणि महिनाअखेर काड्या उरतात. छितकुलचे भोजपत्र साधारण त्याच सुमारास. कल्पा-सांगलातले जर्दाळू आणि सफरचंदाच्या बागा थोड्या मागून. म्हणजे ८ ते १४ ऑक्टोबरच्या दरम्यान काझात असाल तर जाताना वरचा रंग आणि खालची सफरचंदाची तोडणी, दोन्ही पदरात पडतं. नोव्हेंबरात खालच्या किन्नौरात थोडं मिळेल, वर फक्त मातीचे डोंगर. तेही देखणे असतात, पण तुमचा हेतू तो नाही. शिवाय तोवर काझातली निम्मीअधिक हॉटेलं नळातलं पाणी काढून टाकून बंद झालेली असतात.

एक ध्यानात ठेवा, देवदार आणि चिलगोजा सदाहरित आहेत. नारकंड्यापासून कारछमपर्यंत डोंगर हिरवाच दिसेल. 'रंग कुठाय' म्हणून पहिल्या दोन दिवसांत हिरमुसू नका.

दुसऱ्याचं उत्तर: अजिबात नको. मनाली २,००० मीटरच्या आसपास, कुंझुम ४,५०० च्या वर, आणि काझा ३,७०० च्या घरात. एका दिवसात शरीराला एवढी उडी मारायला लावायची नाही, त्यातही लहान मूल आणि आई बरोबर असताना. किन्नौरकडून पायऱ्या आपोआप मिळतात:

दिवस १: चंदीगड – नारकंडा (२,७०० मी.), पावणेदोनशे किमी. शिमल्यात न घुसता ढल्लीकडे निघा.
दिवस २: नारकंडा – रामपूर – कारछम – सांगला (२,६८० मी.).
दिवस ३: सकाळी छितकुल (३,४५० मी.) बघून संध्याकाळी कल्पा (२,९६० मी.).
दिवस ४: कल्पातच. फिरा, झोपा, चढाई नको.
दिवस ५: कल्पा – नाको – ताबो. नाको ३,६६० मीटरवर आहे, तिथे जेवण आणि तळ्याभोवती एक चक्कर. मुक्काम मात्र ताबोला (३,२८० मी.).
दिवस ६: ताबोचा मठ (स्थापना इ.स. ९९६, आतली भित्तिचित्रं घाईत बघू नका), धनकर, मग काझा.
दिवस ७: की मठ, किब्बर गाव, चिचमचा पूल.
दिवस ८ ते १०: परत.

लांगझा-हिक्किम-कोमिक ४,४०० ते ४,५८० मीटरवर आहेत, ते काझात पोचल्या दिवशी करू नका. सातव्या दिवशी सगळ्यांची झोप चांगली झाली असेल, तरच लांगझा जोडा.

कल्पात एक गंमत. किन्नर कैलास पूर्वेला, म्हणजे सूर्य त्याच्या मागून उगवतो. सूर्योदयाला कॅमेरे लावून बसणाऱ्यांना काळी आकृती मिळते. उजेड शिखरावर पडतो तो संध्याकाळी.

पान्हापेटी
गाडीचं मी सांगतो.

कूलंट: उन्हाळाभर कुणी नुसतं पाणी टॉप-अप केलं असेल तर मिश्रण पातळ झालेलं असतं. निम्मं ग्लायकोल (गोठण रोखणारं द्रव्य) असेल तर गोठणबिंदू उणे ३५ च्या खाली, ३० टक्क्यांवर आलं की उणे १५ च्या आसपास. काझातल्या ऑक्टोबरच्या रात्रीला तेवढंही पुरेल, पण रेडिएटरच्या बाबतीत कडेला चालू नये. गॅरेजात मोजून घ्या, शंका असेल तर काढून नवं भरा.

काच धुण्याचं पाणी: इथेच बहुतेकांची फसगत होते. साधं पाणी रात्री गोठतं, नोझल आणि बाटली तडकते. न गोठणारं वॉशर द्रव्य घाला.

ब्रेक ऑइल: दोन वर्षं झाली असतील तर बदला. ते हवेतलं पाणी शोषतं, गरम ब्रेकमध्ये त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल मऊ पडतं. नारकंडा ते रामपूर ही उतरण जवळजवळ १,७०० मीटरची आहे, परीक्षा तिथेच होते. चढायला जो गिअर लागला असता त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रल कधीच नाही.

बॅटरी तीन वर्षांवरची असेल तर बदलूनच निघा.

टायर: सारखी हवा काढ-भर करू नका. उंचीवर बाहेरचा दाब कमी झाल्याने गेज जास्त दाखवतो, थंडीने कमी दाखवतो. नाशकात ३० अंशांना ३३ पीएसआय भरलेली हवा काझात उणे ५ च्या पहाटे ३२ च्या आसपासच दिसते. दुपारी तोच टायर ३७ दाखवेल. घाबरून तेव्हा हवा काढली की दुसऱ्या सकाळी टायर बसलेला. हवा बघायची ती पहाटे, गाडी हलवण्याआधी.

स्टेपनी कुठल्या मापाची आहे ते आत्ता बघा. बऱ्याच हॅचबॅकना बारीक मापाची तात्पुरती देतात. तिकडे दगडाने टायरची बाजू फाटते आणि ट्यूबलेसचं पंक्चर काढायची दोरी बाजूला लागत नाही. पूर्ण मापाची घ्या.

हँडब्रेक: पाण्यातून गाडी काढून तशीच ओढून ठेवली तर सकाळी मागची चाकं सुटत नाहीत, लायनर ड्रमला गोठून चिकटतात. मुक्कामाला पोचण्याआधी दोन-चार वेळा हलका ब्रेक दाबून वाळवा. रात्री पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा, हँडब्रेक सोडा.

ताकद: टर्बो नसलेलं इंजिन दर हजार मीटरला साधारण दहा टक्के ताकद गमावतं. ४,५०० मीटरवर तुमच्याकडे साठ टक्केच गाडी उरते, त्यात चार माणसं. पहिला गिअर, स्थिर रेस. हाफ क्लचवर रांगत राहिलात तर जळका वास येईल, तो आला की थांबून वीस मिनिटं गार होऊ द्या. टपावर सामान नको.

उतारावर_दुसरा
कुंझुमचं गणित वेगळ्या बाजूने मांडतो. काझा ते मनाली साधारण २०० किमी, पूर्ण दिवस, पुढे मनाली-चंदीगड एक दिवस. किन्नौरमार्गे काझा-चंदीगड आरामात तीन दिवस. म्हणजे कुंझुमने वाचतो तो एक दिवस. त्या एका दिवसासाठी लोसरच्या पुढचा, बातलपासून ग्रांफूपर्यंतचा दगडगोट्यांचा टप्पा १६५ मिमीवर, चौघांना घेऊन काढायचा. जमतं का? रस्ता कोरडा असेल तर जमतं. बर्फ पडला तर नाही, आणि ऑक्टोबरच्या मध्यानंतर तो कधीही पडतो. त्यामुळे योजना किन्नौरनेच परतायची करा. कुंझुम उघडा आणि कोरडा असला तर बोनस.

ठरवायचं सातव्या दिवशी संध्याकाळी काझात. त्या दिवशी मनालीहून आलेल्या टॅक्सीवाल्यांना गाठा. 'रस्ता चालू आहे का' असं विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. 'छोटी गाडी आज आली का, कुठे अडकली' असं विचारा.

जायचंच ठरलं तर उन्हाळ्यातला सल्ला उलटा करा. जून-जुलैत नाले पहाटे ओलांडतात, कारण दुपारी वितळलेलं पाणी वाढतं. ऑक्टोबरात पाणी कमी असतं, पण सकाळी त्यावर आणि सावलीतल्या वळणांवर काचेसारखा बर्फ असतो. ओला दिसणारा डांबराचा काळा चकाकता तुकडा ओला नसतो, गोठलेला असतो. तिथे ब्रेक नाही, स्टिअरिंगला झटका नाही, फक्त रेस सोडायची. काझा सातला सोडा, म्हणजे बातलच्या पुढचे नाले उन्हात मिळतील. सूर्य सहाच्या आतच मावळतो, त्यामुळे नऊला निघणंही परवडत नाही. ग्रांफूनंतर रोहतांग चढायची गरज नाही. खोकसर, सिस्सूकडून अटल बोगदा (९.०२ किमी, ३ ऑक्टोबर २०२० पासून चालू) थेट मनालीच्या बाजूला काढतो.

पेट्रोल: रामपूरला भरा, मग रेकाँग पिओच्या खाली पोवारीला काठोकाठ. तिथून काझा दोनशेच्या वर किमी. पुढचा भरवशाचा पंप काझातच. उंचीवर लिटरला ११-१२ किमीचाच हिशोब धरा. रोख जवळ ठेवा, काझातल्या एटीएमवर विसंबू नका.

गोदाकाठ
मनापासून आभार. कुंझुम मनातून काढला, बोनस म्हणूनच धरतो. दोन शंका राहिल्या. आईला डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) आधीपासून द्यावी का? आणि अमेरिकेतला चुलतभाऊ ताबोपर्यंत येऊ म्हणतोय, त्याच्याकडे ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) कार्ड आहे. त्याला परवाना लागतो का?

सावकाश_चढ
गोळीचं आईंच्या डॉक्टरांकडूनच ठरवा. ती लघवी वाढवते, आणि बीपीच्या काही गोळ्याही तेच करतात. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. त्यांच्या रोजच्या गोळ्या दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवा.

मला जास्त महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट: स्पितीतून पटकन खाली येता येत नाही. काझात रात्री त्रास वाढला तर ताबो जेमतेम चारशे मीटर खाली, आणि खरं खाली म्हणजे पिओ, आठ-नऊ तासांवर. नाकोहून मात्र तासाभरात खाबला उतरता येतं, म्हणजे हजारएक मीटर. त्यामुळे खरा निर्णय पाचव्या दिवशी नाकोत घ्या. आईंना किंवा मुलीला डोकेदुखी आणि मळमळ एकत्र असेल तर ताबोला जाऊ नका, खाली या. चालताना तोल जाणं, बसल्या जागी धाप लागणं ही थांबून वाट बघायची लक्षणं नाहीत. मुलं 'डोकं दुखतंय' म्हणत नाहीत, ती नुसती किरकिर करतात आणि जेवत नाहीत. ते घाटातल्या वळणांमुळे आहे असं आपण समजतो. नाकोत गाडी थांबून तासभर झाला तरी मुलगी खायला तयार नसेल, तर कारण उंचीच धरा.

देवदार
चुलतभावाचं: भारतीय पासपोर्टवाल्यांना या रस्त्याला परवाना लागत नाही. परदेशी पासपोर्ट असेल तर पिओच्या पुढे लागतो, आणि ओसीआय असलं तरी पासपोर्ट परदेशीच. पिओला करून मिळतो, पण सरकारी कचेरी आहे, रविवार आणि सुट्टी बघून पोचा. तुमचा चौथा दिवस कल्पात मोकळाच आहे, सकाळी खाली उतरून तेवढं उरका. दसऱ्याच्या सुट्ट्या कुठे पडतात तेवढं आधी कॅलेंडरवर बघून घ्या.