एसआयपीचा परतावा: अ‍ॅप म्हणतं 20, दीर म्हणतात पावणेसातसुद्धा नाही

मिरजेच्या बाई
मी प्राथमिक शाळेत शिकवते. तीन वर्षं दर महिन्याच्या 5 तारखेला निफ्टी 50 इंडेक्स फंडात (निफ्टी निर्देशांकातल्या 50 मोठ्या कंपन्यांत पैसे लावणारा म्युच्युअल फंड) एसआयपीचे, म्हणजे ठरलेल्या मासिक हप्त्याचे 5,000 रुपये जातात. 36 हप्ते झाले, म्हणजे 1,80,000. आजची किंमत 2,16,000. अ‍ॅपवर 20 टक्के नफा दिसतो. मोठे दीर म्हणतात, "वीस भागिले तीन, पावणेसातसुद्धा नाही. मोड आणि एफडी कर." खरंच मोडू का?
आणखी एक. हा फंड ओळखीच्या एजंटनं काढून दिला, एक्सपेन्स रेशो, म्हणजे फंड दरवर्षी कापतो तो खर्च, 0.9 टक्के आहे. दुसऱ्या एका निफ्टी 50 फंडाची एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, याच्या निम्मीही नाही. तो स्वस्त पडेल ना?

जमाखर्च
बाई, मोडू नका. दिरांनी पूर्ण रक्कम तीन वर्षं गुंतलेली धरली. तीन वर्षं फक्त पहिला हप्ता होता, शेवटचा तर महिनाभरच. सरासरी काढली तर पैसा दीड वर्षच कामाला होता.
गूगल शीट उघडा. एका रकान्यात हप्त्यांच्या तारखा, शेजारी 5,000 उणे चिन्ह लावून. शेवटच्या ओळीत आजची तारीख आणि 2,16,000, हे अधिक. मग एक्सआयआरआर (XIRR) सूत्र लावा, ते प्रत्येक हप्त्याची तारीख धरून वार्षिक परतावा काढतं, त्यात आधी रकमा आणि मग तारखा द्या. साधारण 12 टक्के येईल. एफडीच्या व्याजाशी तुलना या आकड्याची. अर्थात एफडीचा दर ठरलेला असतो, हा उद्या खालीही येईल, हे दिरांना जरूर सांगा.

ठाणेकर
एनएव्हीवरून स्वस्त-महाग ठरत नाही. जुन्या फंडाची मोठी, नव्याची लहान, एवढंच. निफ्टी 5 टक्के वाढला की दोन्हीकडे तुमचे पैसे जवळपास तेवढेच वाढणार. फरक खर्चाचा.
तुमचा प्लॅन रेग्युलर, म्हणजे एजंटमार्फतचा आहे. जानेवारी 2013 पासून प्रत्येक फंडाला डायरेक्ट प्लॅन असतो, त्यात एजंटचं कमिशन नाही. निफ्टी 50 चे डायरेक्ट प्लॅन 0.2 टक्क्यांच्या आसपास सहज मिळतात. समजा खर्चाआधी वर्षाला 12 टक्के मिळाले. 1 लाखाचे वीस वर्षांत 0.2 खर्चानं सुमारे 9.31 लाख होतात, 0.9 नं 8.21 लाख. तफावत मूळ रकमेहून मोठी! कमिशनची ही किंमत मला तरी पटत नाही.
खर्च सारखाच असेल तर ट्रॅकिंग डिफरन्स बघा: फंड निर्देशांकाच्या किती मागे राहिला. तुलना टीआरआयशी (टोटल रिटर्न इंडेक्स) हवी, निर्देशांकाच्या या रूपात कंपन्यांचा लाभांश धरलेला असतो. बातम्यांतल्या निफ्टीत तो नसतो, त्यामुळे मागे पडलेला फंडही त्याच्यापुढे चांगला दिसतो.

मिरजेच्या बाई
शीट केली, 12.2 आले. दीर आता स्वतःच्या विमा पॉलिसीचे हप्ते तशाच रकान्यात भरतायत.
आहे ते सगळं डायरेक्टला वळवलं तर कर लागेल?

जमाखर्च
वळवणं म्हणजे कराच्या दृष्टीनं विक्रीच. वर्ष उलटलेल्या युनिटांवरचा नफा आर्थिक वर्षात 1,25,000 पर्यंत करमुक्त, वर 12.5 टक्के. ही मर्यादा तुमचे सगळे शेअर आणि इक्विटी फंड मिळून आहे. वर्षाआतल्या युनिटांच्या नफ्यावर 20 टक्के.
म्हणून नवी एसआयपी आजच डायरेक्टला लावा आणि जुनी बंद करा. वर्ष झालेली युनिटं आता हलवा, आधी घेतलेली आधी विकली गेली असंच धरतात. उरलेल्या बारा हप्त्यांची युनिटं वर्ष भरेल तशी. एक्झिट लोड, म्हणजे लवकर पैसे काढल्यास कापलं जाणारं शुल्क, आहे का तेवढं फंडाच्या माहितीपत्रकात बघून घ्या.