मदत हवी आहे: गावठी कोंबडीच्या काळ्या रश्श्याला तर्री येत नाहीये

निफाडला थंडी जाम वाढलीय, सकाळी अंगणात उभं राहवत नाही, म्हणून रविवारी घरच्यांसाठी गावठी कोंबडीचा काळा रस्सा करायचाय, आजी करायची तसा, नाकातून पाणी काढणारा. मागच्या वेळी सव्वा किलो कोंबडी हळद, मीठ, आलं-लसूण लावून कुकरला शिजवली, आळणी (कोंबडी शिजवलेलं पाणी) बाजूला काढलं, कांदा गॅसवर सालीसकट भाजला, सुकं खोबरं भाजून वाटण केलं, ते तेलात परतलं आणि घरचा काळा मसाला ३ चमचे. वास भारी सुटला पण रस्सा कडवट झाला आणि तर्री आलीच नाही, मसाला खाली नि पाणी वर. सासूबाई काही बोलल्या नाहीत पण त्यांच्या वाटीत रस्सा तसाच राहिला, फार वाईट वाटलं.

खोबरं पार काळं होईस्तोवर भाजलेलं, त्यानेच कडू झालं का? वाटण तेल सुटेपर्यंत परता म्हणतात सगळे, पण म्हणजे नक्की किती वेळ, गॅस बारीक की मोठा? आळणी मी गार झालेलं ओतलं, गरमच ओतायचं असतं ना? आणि गावठीला शिट्ट्या किती करता, ती काय ब्रॉयलरसारखी पटकन शिजत नाही. प्लीज शनिवारपर्यंत सांगा, बाजरीचं पीठ दळून आणलंय