बांध फुटलेलं खाजन: खारफुटीला सोडायचं की पुन्हा पेरायचं?

दिवाडची लेक
आमच्या गोव्यातल्या दिवाड बेटावर, वाड्याजवळच्या खाजनाचा (खाडीकाठी बांध घालून राखलेल्या भातशेतीचा) बांध फुटून नऊ वर्षं झाली. भरती आत येते, कोरगूट (खारं सोसणारं भात) बंद पडलं, आणि आता तिथे माणसाएवढे कांदळ, म्हणजे खारफुटीची झाडं, उभे आहेत. येत्या बैठकीत बांध घालून ते साफ करायचा प्रस्ताव येतोय. माझा त्याला विरोध आहे, आणि तो झाडांपेक्षाही खालच्या चिखलासाठी. त्यात हवा शिरत नाही, म्हणून मुळं आणि पालापाचोळा फार सावकाश कुजतो, वरून भरती गाळ अंथरते. कार्बन तिथेच गाडला जातो. चिखल वाळवून नांगरला की तोच कार्बन डायऑक्साइड होऊन उडतो; मातीतला १ टन कार्बन म्हणजे हवेत ३.६७ टन वायू.

मानसराखण
बाय, खाजन ही पडीक जमीन नव्हे. बांध, मानस (भरतीचं पाणी आतबाहेर सोडणारं दार), पोय (मानसाच्या आतलं तळं) हे आमच्या वाडवडिलांनी पिढ्यानपिढ्या राखलंय. उन्हाळ्यात खारं पाणी घ्यायचं, पहिल्या पावसात मीठ धुवायचं, मग कोरगूट पेरायचं. आज खारटाण आमच्या विहिरीपर्यंत आलंय. कार्बन राखायचा म्हणून कुळाने शेत सोडायचं, आणि तांदूळ घाटावरून ट्रकने आणायचा? त्या धुराचा हिशेब कोण धरणार?

दिवाडची लेक
विहिरीचं मला ठाऊक नव्हतं. ते गंभीर आहे. पण मग बांध आतल्या बाजूला, वस्तीजवळ घाला. सगळे कांदळ कशाला कापायचे? सीआरझेडच्या, म्हणजे किनारपट्टी नियमनाच्या, २०११ च्या अधिसूचनेत गोव्यासाठी खाजन आणि त्यालगतची खारफुटी, दोन्ही राखायला सांगितलंय.

माती तपासणारा
दोघांच्याही बोलण्यात एकेक गोष्ट सुटली. भाताच्या शेतात पाणी तुंबतं तेव्हा तिथेही कुजणं मंदावतं, म्हणजे शेती केली की सगळा कार्बन गेला असं नाही. मात्र गोड्या पाण्याखालून मिथेन सुटतो, आणि १०० वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो. खाऱ्या पाण्यातल्या सल्फेटमुळे तो कमी होतो.

मानसराखणभाऊ, तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचं हे: खारफुटीच्या चिखलात गंधक आणि लोह साठलेलं असतं. तो उघडा पडून सुकला की आम्ल तयार होतं आणि भात धरत नाही. बांध घातला म्हणजे लगेच पीक येईल असं समजू नका. आणि मृदा आरोग्य पत्रिकेतल्या कर्बाच्या आकड्यावर इथे भांडू नका. तो वरच्या वीतभर मातीचा असतो. खारफुटीचा साठा मीटरभराच्याही खाली जातो.

फोंड्याचा कुळागरकार
तुम्ही नदीकाठीच अडकलात. माझ्या कुळागरात पोफळी, माड, मिरी, केळी. झावळ्या पडतात तिथेच कुजतात, नांगर लागत नाही, माती काळी राहते. शेजारचा डोंगर मात्र प्लॉटसाठी कापला आणि ती जांभी माती खाजनात भराव म्हणून गेली. दोन्हीकडची जमीन एका फटक्यात गेली! कांदळ की कोरगूट हा वाद तुमच्यात चालू असेपर्यंत तिथे निदान जिवंत चिखल आहे. भराव पडला की तोही नाही.

मानसराखण
भरावाच्या बाबतीत आपण सगळे एका बाजूला. पण बांधाचं मी सोडत नाही.

दिवाडची लेक
माती तपासणारे दादा, मीटरभर खोल नमुने घेता येतील? आम्लाचंही कळेल.

मानसराखण
होडी मी देतो. ओहोटीला या, आणि पावसाआधी. मानसाचं लाकूड आणखी एक पावसाळा धरणार नाही.