मॅकमर्ट्रीचं पुस्तकवेड

नावारूपाला आलेल्या कादंबरीकाराला दुसऱ्यांचं वाचायला सवड कुठे असते, असं काही जण म्हणतात; मला ते काही पटलं नाही. अमेरिकन कादंबरीकार लॅरी मॅकमर्ट्रीला १९८६ साली पुलित्झर हा तिथला मानाचा पुरस्कार मिळाला, तरी गडी जुन्या पुस्तकांचा धंदा करतच राहिला. टेक्सासमधल्या आर्चर सिटी या आपल्या चिमुकल्या गावात त्याने इतकी पुस्तकं आणून ठेवली, की २०१२ साली सुमारे ३ लाख लिलावात काढली. (आमच्याकडे दोन कपाटांवरून भांडणं होतात!)

२००६ साली ‘ब्रोकबॅक माउंटन’ या सिनेमाच्या पटकथेचं ऑस्कर घ्यायला हा वर कोट आणि खाली जीन्स अशा अवतारात गेला. भाषणात जगभरच्या पुस्तकविक्रेत्यांचे आभार मानले, वर हा सिनेमा आधी पुस्तक होता हेही बजावलं. आणि ती मूळ कथा त्याची नव्हतीच, ॲनी प्रू या लेखिकेची होती.