शिबिरातल्या मुलांचे फोटो: काकांना थांबवलं, ते चुकलं का?

पर्वतीपायथा (धागाकर्ती)

आमची सोसायटी पर्वतीच्या बाजूला, ऐंशी घरांची. दर मे महिन्यात मुलांचं आठ दिवस शिबिर असतं. सकाळी लगोरी, आट्यापाट्या, थोडं मातीकाम, आणि शेवटच्या संध्याकाळी बालजत्रा. भेळेचा स्टॉल मुलंच लावतात, मोठ्यांना उधारी देत नाहीत. गेल्या वर्षापासून त्यात रेन डान्सही घुसला आहे. कोणाच्या डोक्यातून निघाला, देव जाणे.

यंदा रेन डान्स चालू असताना बी विंगमधले एक निवृत्त काका मोठी लेन्स लावून कडेला उभे होते. नाचणाऱ्या मुली आठ ते अकरा वर्षांच्या, कपडे चिंब भिजलेले. माझ्या शेजारी दोघीतिघींची कुजबुज सुरू झाली, "अगं, कोणीतरी बोला ना." हे "कोणीतरी" आमच्याकडे नेहमी मीच असते. मी जाऊन म्हटलं, "काका, हे फोटो नका ना काढू." त्यांनी कॅमेरा खाली घेतला, लेन्सला टोपण लावलं आणि एक शब्द न बोलता घरी गेले. दुसऱ्या दिवशी सोसायटीचा ग्रुप सोडला.

आता माझी पंचाईत. आमच्या फ्रीजवर लेकीचा लिंबू-चमच्याच्या शर्यतीतला फोटो आहे, तो याच काकांनी काढलेला. दर दिवाळीला ते घरोघरी प्रिंट देतात, एक पैसा घेत नाहीत. आणि त्याच संध्याकाळी समितीने पैसे देऊन आणलेला फोटोग्राफर ड्रोनसकट सगळं टिपत होता, त्याला कोणीच काही म्हटलं नाही. मीसुद्धा नाही.

रविवारी सभा आहे. "पुढच्या वर्षीपासून मुलांचे फोटो पूर्ण बंद" असा ठराव येतोय. तुम्ही काय म्हणाल?

फिल्मरोल

बाई, तुम्ही एका वाक्यात त्या माणसाला काय ठरवलंत, याचा विचार केलात का? तो "नका ना काढू" ऐकून गेला नाही. बाजूला उभ्या असलेल्या बायकांच्या नजरा बघून गेला.

मी ८३ सालापासून फोटो काढतोय. एका रोलमध्ये छत्तीस फ्रेम, रोलचे पैसे पगारातून. मे महिन्यात सकाळी मंडई, दुपारी तुळशीबाग, संध्याकाळी सारसबाग. मुलं कॅमेऱ्यापासून पळायची नाहीत, अंगावर यायची. "काका, माझा काढा, माझा काढा." शुक्रवार पेठेतल्या एका वाड्याच्या अंगणात आंब्याच्या अढीभोवती बसलेल्या सात पोरांचा माझा एक फोटो आहे. तो वाडा पाडला, अढी कोणी लावत नाही, त्या सातांतले चार परदेशात. त्यातल्या एकाने गेल्या वर्षी शोधत शोधत येऊन मोठी प्रत करून घेतली आणि माझ्यासमोर रडला. घरच्यांनी काढलेल्या फोटोत त्याला ओळीत उभं केलेलं होतं. माझ्या फोटोत तो आंबा चोखत होता.

पन्नास वर्षांनी कोणी विचारलं, पुण्यातली उन्हाळ्याची सुट्टी कशी असायची, तर काय दाखवणार? पाठमोरी मुलं?

दोघांची_आई

फिल्मरोल, तुमच्या फोटोबद्दल पूर्ण आदर. पण तो पेटीत राहिला, म्हणून सुरक्षित राहिला. निगेटिव्ह एकच, आणि ती तुमच्या कपाटात.

आजच्या फोटोचं तसं नाही. शिबिराच्या टीशर्टवर सोसायटीचं नाव, पाठीवर मुलाचं नाव, मागे विंगची पाटी. रोज संध्याकाळी हे मूल कुठे खेळतं, ते अनोळखी माणसाला एका फोटोवरून कळतं. वर फोनमध्ये लोकेशन चालू असेल तर फाइलच्या पोटात ठिकाणाची नोंद असते. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर ती गळून पडते, पण मूळ फाइल ड्राइव्हवर चढवली तर तशीच राहते. आणि स्वच्छ चेहऱ्याचा एक फोटो हाताशी असला की त्यावरून नको ते चित्र बनवून देणारी अ‍ॅप आहेत. ओलेत्या कपड्यांतल्या मुलींचा तर विषयच सोडा.

मी काकांवर आरोप करत नाहीये. पण "आमचेच काका आहेत" हा पुरावा नव्हे. पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखालच्या, बहुतेक प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीचाच असतो, हे एनसीआरबीचे (देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणारी सरकारी संस्था) अहवाल वर्षानुवर्षं सांगतात. म्हणून नियम माणूस बघून नको, सगळ्यांना एक हवा. धागाकर्तीने केलं ते बरोबरच केलं. तिला उगाच अपराधी वाटतंय.

खवचट_पेठकर

मे महिन्यात पुण्यात टँकर मागवून रेन डान्स? त्याचे फोटो काढायलाच हवे होते. मुलांचे नाही, समितीचे.

काळाकोट

थोडं कायद्याचं, कारण दोन्ही बाजू अंदाजाने बोलताहेत.

सार्वजनिक जागी कोणाचा साधा फोटो काढणं हा आपल्याकडे आपोआप गुन्हा होत नाही. पण सोसायटीचं आवार सारसबाग नव्हे. तिथल्या कार्यक्रमाला सोसायटी नियम घालू शकते. २०१७ साली पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. त्या हक्काला वयाची अट नाही.

डिजिटल विदा (म्हणजे वैयक्तिक डेटा) संरक्षणाचा कायदा २०२३ चा. त्यात अठरा वर्षांखालचा प्रत्येक जण मूल, आणि मुलाची विदा वापरायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी. ती जबाबदारी पाळली नाही तर दंड २०० कोटी रुपयांपर्यंत. आकडा बघून घाबरू नका, तो कमाल आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि या तरतुदींना त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत दिली आहे.

आता गंमत बघा. वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी एखाद्या व्यक्तीने केलेल्या वापराला हा कायदा लागूच नाही. म्हणजे स्वतःच्या हौसेसाठी फोटो काढून प्रिंट वाटणारे काका बहुतेक बाहेर, आणि फोटोग्राफर नेमणारी समिती व ते फोटो जाहिरातीला वापरणारा प्रायोजक बहुतेक आत. तुम्ही नेमकं उलट्या माणसाला अडवलंत.

आणखी एक. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोची पहिली मालकी, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याची. म्हणजे ड्रोनवाल्याने काढलेले फोटो सोसायटीचे. ते कुठे जातात, याला उत्तर सोसायटीनेच द्यायचं.

दोघांची_आई

कायदा लागू नाही म्हणजे वागणं बरोबर, असं होत नाही ना, वकीलसाहेब? रांगेत घुसण्याविरुद्धही कायदा नाही.

टेकडीवाला

मी वेताळ टेकडीवर पक्ष्यांचे फोटो काढतो. गळ्यात लांब लेन्स असते. मागच्या उन्हाळ्यात खाणीच्या बाजूला एका शिबिराची मुलं आली होती. मी झाडावरच्या नाचणाचा फोटो घेत होतो आणि त्यांच्या ताईंनी येऊन कॅमेऱ्यातलं सगळं बघायला मागितलं. मी दाखवलं. नाचण, नाचण, बुलबुल, नाचण. त्या हसल्या, मीही हसलो. घरी येईपर्यंत मात्र हात थरथरत होते.

एकटा पुरुष आणि कॅमेरा दिसला की माणसांच्या डोक्यात काय येतं, ते मला कळतं आणि पटतंही. मलाही पुतण्या आहेत. पण संशयाला लगाम नसला की काय होतं, तेही याच राज्यात बघितलंय. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवर फिरत होती. नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने मारून टाकलं. भिक्षेसाठी गावोगाव फिरणारी माणसं.

दोघांची_आई

राईनपाडा आणि "काका, नका ना काढू" हे एकाच तराजूत? अहो, तिने हळू आवाजात विनंती केली. हेच जर आपण जमाव म्हणून मोजायला लागलो तर उद्या कोणतीच बाई तोंड उघडणार नाही.

टेकडीवाला

तराजूत नाही टाकलं. बाजूच्या बायकांच्या कुजबुजीबद्दल बोलतोय. विनंती तिने केली, ग्रुपवर नंतर काय काय लिहिलं गेलं असेल, त्याचा विचार करा. बाकी तुमचा मुद्दा मान्य.

पर्वतीपायथा (धागाकर्ती)

ग्रुपवर लिहिलं गेलं, हे खरंय. "बरं झालं वेळीच पकडलं" असा शब्द होता एकीचा. मी तेव्हाच खोडून काढायला हवं होतं. नाही काढलं.

पण आज वेगळंच घडलंय. शिबिराला थोडे पैसे एका इच्छुकाकडून आले होते. (इच्छुक म्हणजे कशाचे, हे पुण्यात सांगायला नको.) चौकात मोठा फ्लेक्स लागलाय. वर ते हात जोडून, खाली रेन डान्सची मुलं, ड्रोनवाल्याच्या फोटोतली. समितीने ड्राइव्हची लिंक त्यांच्या माणसाला दिली होती. ती लिंक असलेल्या कोणालाही उघडत होती.

सोसायटीतल्या दोन मुलींचे पालक ओरडले, तर त्यांचे चेहरे दुपारपर्यंत स्टिकर चिकटवून झाकले. उरली आमच्या इस्त्रीवाल्या दादांची मुलगी. सगळ्यात मोठा चेहरा तिचा. दादा मला विचारत होते, "ताई, हा बोर्ड किती दिवस राहील?" मला आधी वाटलं, खूश आहेत. खूश नव्हते. पोरगी चौकातून शाळेच्या वह्या आणायला जायला तयार नाही. मुलं तिला "नगरसेविका" म्हणून चिडवतात.

पाटीपेन्सिल

हेच लिहायला आले होते. मी दहा वर्षं जनता वसाहतीत अभ्यासिका चालवते. उन्हाळा आला की वाटपवाले येतात. वह्या, टोप्या, सरबत. मुलाच्या हातात वही देतात, पण सोडत नाहीत. एक टोक मुलाच्या हातात, एक टोक पाहुण्यांच्या. फोटो निघेपर्यंत दोघंही वही धरून. मग पाहुणे हात सोडतात. सोसायटीतल्या आईला विचारायची पद्धत आता कुठे पडतेय, आमच्या मुलांच्या आयांना विचारलेलं मी एकदाही बघितलं नाही.

हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा तो फोटो सगळ्यांनी बघितलेला असतो. १९८४ साली पाकिस्तानातल्या निर्वासित छावणीत काढलेला, पुढच्या वर्षी नॅशनल जिऑग्राफिकच्या मुखपृष्ठावर आला. तिचं नाव शरबत गुला आहे, हे जगाला कळलं २००२ मध्ये. सतरा वर्षं चेहरा जगभर आणि नावाची कोणाला गरजच पडली नाही. फिल्मरोल, तुमच्या अढीभोवतीच्या सातही पोरांची नावं तुम्हाला माहीत असणार. मला तुमच्या आणि फ्लेक्सवाल्याच्या फोटोत तेवढाच फरक दिसतो, आणि तो मोठा आहे.

फिल्मरोल

पाचांची माहीत आहेत. दोघांची विसरलो होतो, तो रडणारा सांगून गेला.

फ्लेक्सचं वाचून संताप आला. आधीच्या प्रतिसादात मी धागाकर्तीवर जास्त चढलो, तेही मान्य. रेन डान्सचे फोटो मीही काढले नसते, हे खरं तर तेव्हाच लिहायला हवं होतं. भिजलेल्या पोरींवर लांब लेन्स लावायची नाही, एवढं तारतम्य कॅमेरा घेणाऱ्याला हवंच. लांबून काढलेल्या फोटोत समोरच्याला पत्ताच नसतो. जवळ जा, बोल, मग काढ. नको म्हणाला तर नको. पाच वर्षांचं पोरही नको म्हणू शकतं, हात आडवा धरतं.

पण ठरावाला विरोध कायम. बंदी घातलीत तर एकटे काका थांबतील. त्या संध्याकाळी किती मोबाईल वर होते, ते आठवा. त्यांतले किती रील्स त्याच रात्री चढले? त्यांना कोण टोपण लावणार?

काळाकोट

माझ्या भाच्याच्या शिबिरात नोंदणीच्या अर्जावरच तीन चौकटी होत्या. फोटो काढले तर चालतील का, पालकांच्या ग्रुपवर टाकले तर चालतील का, बाहेर छापले तर चालतील का. तिन्हींचं उत्तर वेगवेगळं असू शकतं. ज्यांचं "नाही", त्या मुलांच्या हाताला पिवळी पट्टी.

पाटीपेन्सिल

पट्टी नको. पट्टीवालं मूल लगेच वेगळं पडतं, "तुझा फोटो का नाही?" पहिल्याच दिवशी सुरू होतं. त्यापेक्षा मोठ्यांनी यादी पाठ करावी. ऐंशी घरांत कितीशी मुलं असतात? आणि तो अर्ज इस्त्रीवाल्यांनाही द्या, वाचूनही दाखवा.

खवचट_पेठकर

पाटी तयार आहे, फुकट देतो: "येथे मुलांचे फोटो विचारून काढावेत. काढलेले दाखवावेत. दुपारी १ ते ४ विचारू नये."

पर्वतीपायथा (धागाकर्ती)

सभा झाली. पूर्ण बंदीचा ठराव पडला. रेन डान्स बंद, हे मात्र एकमताने. (टँकरचं बिल वाचून दाखवल्यावर. खवचट, तुमचं समाधान झालं असेल.) चौकटींचा अर्ज पुढच्या वर्षीपासून, कामाला येणाऱ्यांच्या मुलांनाही. मोबाईलचं कोणालाच काही सुचलं नाही, सभेतही अर्धे जण मोबाईलवरच होते. ड्राइव्हची लिंक बंद केली. त्याआधी कोणी कोणी फोटो उतरवून घेतले, ते आता कळणार नाही.

ग्रुपवर मी लिहिलं की काकांनी काही चुकीचं केल्याचं मला वाटलं नव्हतं, फक्त त्या वेळचे फोटो नको होते. दोन अंगठे आले. "पकडलं" लिहिणारी गप्प. संध्याकाळी बी विंगमध्ये जाऊन आले. काकूंनी दार उघडलं, चहा दिला, काका आतल्या खोलीतून बाहेर आले नाहीत. निघताना काकू म्हणाल्या, "बघू, दिवाळीपर्यंत."

आणि तो बोर्ड काल उतरला. आम्ही तीनदा सांगितलं म्हणून नाही. त्याच जागेवर आता दुसऱ्या कोणाचा तरी वाढदिवस लागलाय.